डोरीनबाईंचा शिक्का

इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात कुणाकडे चार मराठी घरं जेवायला जमली की व्हिसा, घरांच्या किमती आणि मुलांचं मराठी हे तीन विषय आधी संपतात. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "काउंटीचं काहीतरी सांग ना यार." मी सरकारी ऑफिसला सॉफ्टवेअर विकायचं काम करतो. विकलं जातं फार थोडं, पण किस्से इतके साठलेत की माझ्या पहिल्याच वाक्याला बायको ताटं उचलायला उठते.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. आणि आमची कंपनी म्हणजे मालक विलासकाका, नोकर मी आणि मध्येच रुसणारा एक प्रिंटर. काका मूळचे नागपूरचे. २००१ नंतर खासगी गिऱ्हाइकं एकामागून एक गळायला लागली, तेव्हा ते म्हणाले, "सरकार काही पळून जात नाही ना बे." मग आम्ही शेजारच्या काउंटीला कुत्र्यांच्या लायसन्सचं सॉफ्टवेअर विकायला निघालो. तिथे प्रत्येक कुत्र्याला लायसन्स लागतं आणि ते वेळेवर रिन्यू करावं लागतं. मी तेव्हा एच-वन व्हिसावर होतो, त्यामुळे कुत्र्यांची अडचण मला लगेच कळली.

त्या काउंटीच्या खरेदी विभागात डोरीनबाई बसायच्या. साठीच्या आसपास वय, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला आणि काउंटरवर तारीख-वेळ छापणारं शिक्क्याचं मशीन. टेंडरची मुदत दोनची असेल तर दोन वाजून एक मिनिटाने आलेला माणूस त्यांच्या लेखी जन्मालाच आलेला नसायचा.

* * *

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून शैलाकाकूंनी, म्हणजे विलासकाकांच्या बायकोने, बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. काकांनी तो काउंटरवर ठेवला. डोरीनबाईंनी तो एका बोटाने परत ढकलला आणि शांतपणे सांगितलं, "टेंडर चालू असताना मी तुमच्याकडून पाणीसुद्धा घेणार नाही."

विषय संपला असं आम्हाला वाटलं. तीन दिवसांनी टेंडर भरणाऱ्या सगळ्या कंपन्यांना खरेदी विभागाचं पत्रक आलं. त्यात लिहिलं होतं, "एका विक्रेत्याने गोल, पिवळा खाद्यपदार्थ, अंदाजे चोवीस नग, देऊ केला. तो परत करण्यात आला. सर्व विक्रेत्यांनी नोंद घ्यावी."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी मात्र पत्रक दोनदा वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "मी तीस भरले होते. गाडीत किती खाल्ले?"

* * *

टेंडर भरण्याआधी एक बैठक असते. सगळे विक्रेते एका खोलीत बसतात आणि शंका विचारायच्या असतात. पण तुम्ही विचारलेल्या शंकेचं उत्तर लेखी सगळ्यांनाच पाठवलं जातं, त्यामुळे शहाणा माणूस तोंड उघडत नाही. सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघत बसतात.

हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. वर्गातल्या हुशार मुलासारखे त्यांनी सतरा प्रश्न विचारले. बैठक संपल्यावर आमचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी, गुलाबी शर्टातला एक उंच गोरा गृहस्थ, येऊन काकांचा हात प्रेमाने हलवत म्हणाला, "सर, तुम्ही आमचे दोन आठवडे वाचवलेत."

* * *

एवढं होऊनही त्या वर्षी टेंडर भरलं फक्त आम्हीच. लिफाफे सर्वांसमक्ष उघडायचा नियम आहे. मोठा हॉल, चाळीस खुर्च्या, समोर डोरीनबाई आणि खुर्च्यांत मी आणि काका.

डोरीनबाई उभ्या राहिल्या. माइक तपासला. "विक्रेता क्रमांक एक," असं म्हणून आमचंच नाव आम्हाला वाचून दाखवलं. मग हॉलभर नजर फिरवून विचारलं, "कुणाची हरकत?"

काकांनी हात वर केला. मी तो ओढून खाली घेतला. त्यांना बाथरूम कुठे आहे ते विचारायचं होतं.

* * *

कुत्र्यांचं काम मिळालं, पण पुढच्या वर्षी त्याच काउंटीच्या लायब्ररीचं टेंडर गुलाबी शर्टाने नेलं. इथे निकाल लागला की कुणाचंही टेंडर कुणालाही मागून बघता येतं. आम्ही त्याचं मागवलं. पान एकेचाळीसवर पोचलो तर तिथे चक्क आमच्या कंपनीचं नाव! पठ्ठ्याने आमचं कुत्र्यांचं टेंडर उचलून चिकटवलं होतं आणि नाव बदलायचंही विसरला होता.

काकांचा पारा चढला. "केस करतो. चोर लेकाचा. हा पूर्ण भाग आपला आहे, शब्द न् शब्द!"

मी म्हणालो, "काका, तो भाग आपण कुठून घेतला होता?"

काकांनी वर छताकडे बघितलं. मग म्हणाले, "चहा ठेव."

* * *

आता ज्यासाठी ताटं खाली ठेवायची तो किस्सा.

२००६च्या शरदात कुत्र्यांच्या कामाची मुदत संपली आणि पुन्हा टेंडर निघालं. या वेळी आम्ही, गुलाबी शर्ट आणि आणखी एक कंपनी असे तिघे होतो. काकांनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की हे काम गेलं तर तुला ठेवणं मला जमणार नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बिऱ्हाड गुंडाळून पुणे. मुलगी नुकतीच किंडरगार्टनला जायला लागली होती आणि घरी कुत्र्याचं चित्र काढून खाली 'डॅडीज जॉब' असं लिहीत होती. मी तीन आठवडे धड झोपलो नाही.

टेंडर म्हणजे एक मूळ प्रत आणि पाच कॉप्या, सगळ्या बाइंडरमध्ये, बंद खोक्यात. नेमकी दिवाळी चार दिवसांवर होती. काकांची मुलगी मीरा तेव्हा ॲन आर्बरला शिकत होती, आणि काकूंनी तिच्यासाठी लाडू, चकल्या, चिवडा असं सगळं तसल्याच एका खोक्यात भरून टेप मारून ठेवलं होतं. मला निघताना म्हणाल्या, "जाता जाता एवढं कुरियरला टाक रे." दोन खोके, दोन लेबलं आणि एक घाईतला माणूस. लेबलं मी पार्किंगमध्ये चिकटवली.

कुरियरला एक खोका दिला. दुसरा दोनला सहा मिनिटं असताना डोरीनबाईंच्या काउंटरवर ठेवला. शिक्का बसला तेव्हा जिवात जीव आला.

दोन वाजता हॉलमध्ये सर्वांसमक्ष खोके उघडायला सुरुवात झाली. पहिले दोन झाले. तिसऱ्याची टेप डोरीनबाईंनी कापली आणि त्या थांबल्या. आधी वास आला. मग त्यांनी एक डबा बाहेर काढला, झाकण उघडलं, चष्मा लावला आणि माइकवर म्हणाल्या, "विक्रेता क्रमांक तीन. गोल, पिवळा खाद्यपदार्थ." क्षणभर माझ्याकडे बघून त्यांनी जोडलं, "पुन्हा."

दुसऱ्या डब्यातून चकली निघाली, तेव्हा मागून गुलाबी शर्टाने विचारलं, "काटेरी वस्तू मूळ प्रत आहे की कॉपी?"

आमचं टेंडर जागच्या जागी बाद झालं. मी कसाबसा पुढे जाऊन निदान खोका तरी परत मागितला. डोरीनबाई म्हणाल्या, "मुदतीत सादर झालेला सीलबंद खोका काउंटीचं रेकॉर्ड असतं. परत देता येत नाही." मी गाडीत जाऊन बसलो आणि रडलो. काकांना फोन केला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते फक्त "घरी ये" एवढंच म्हणाले. संध्याकाळी बायकोने माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या.

दोन दिवसांनी मीराचा काकांना फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. "बाबा, व्हॉट इज धिस? मी रूममेट्सना चकली प्रॉमिस केली होती. यू सेंट मी सिक्स बाइंडर्स अबाउट डॉग्ज."

काकांनी फोन माझ्याकडे सरकवला. मीराच पुढे म्हणाली, "एनीवे, आय रेड इट. इट्स नॉट व्हेरी गुड, बाबा."

नशीब म्हणा, उरलेल्या दोघांचे आकडे काउंटीच्या बजेटच्या बाहेर गेले. बोर्डाने सगळंच रद्द करून महिन्याभराने नवं टेंडर काढलं. मीराने सहाही बाइंडर लाल पेनाने रंगवून परत पाठवले. काका आधी फुगून बसले, मग एकेक खूण मान्य करत गेले. पान एकेचाळीस तिने अख्खंच काढून टाकलं होतं. त्या टेंडरवर काम आम्हाला मिळालं, बॅगा माळ्यावर गेल्या आणि माझी मुलगी आता इथल्याच शाळेत सेकंड ग्रेडला आहे.

नवं टेंडर निघेपर्यंतच्या त्या महिन्याभरात एक गंमत झाली. गुलाबी शर्टाने कायद्याने अर्ज करून आमचा बाद झालेला खोका तपासायला मागितला. डोरीनबाईंना नाही म्हणता येईना. तो रेकॉर्ड रूममध्ये चाळीस मिनिटं तपासत होता म्हणे.

* * *

हे सगळं सांगून झालं, तरी खरा किस्सा राहतो. तो निकालाच्या आधीचा.

नवं टेंडर द्यायला गेलो त्या दिवशी मी खोका घरी तीनदा उघडून बघितला होता. काउंटरवर पोचलो तेव्हा दीड वाजला होता. डोरीनबाई एकट्याच होत्या. त्यांच्या मागच्या फळीवर आमचा जुना खोका होता, वर टेंडरचा नंबर, तारीख आणि 'रेकॉर्ड, हलवू नये' अशी चिठ्ठी. शेजारी काकूंचा स्टीलचा डबा होता. घासून पुसून पालथा घातलेला.

मी डब्याकडे बघितलं. डोरीनबाईंनी माझ्याकडे बघितलं.

त्यांनी माझा नवा खोका जवळ ओढला, इकडेतिकडे बघितलं, दोन्ही हातांनी उचलून कानाशी नेला आणि हळूच हलवला.

"कागद?" त्यांनी विचारलं.

"कागद," मी म्हणालो. "फक्त कागद."

"सगळे?"

"सगळे, मॅडम."

डोरीनबाईंनी खोका खाली ठेवला, चष्मा काढून साखळीवर सोडला आणि शिक्का मारला. एक वाजून छत्तीस मिनिटं.