कुसुमने न सांगितलेलं नाव

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. फोन पांढुर्ण्याहून होता, तिच्या पुतण्याचा. "मावशी, आत्या गेली," तो म्हणाला. मग म्हणाला, "सकाळी चहा मागतला तिनं. मी घेऊन गेलो तं..."  सौंसरच्या स्टँडवर बस लागेपर्यंत मी उभीच होते. बोटांना शेंगांचा हिरवट वास येत होता आणि हात धुवायचं राहून गेलं याचंच मला सारखं वाईट वाटत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालू होती. पोचले तेव्हा तिला खाली ठेवलेलं होतं. चष्मा काढलेला तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत फार थोड्या वेळा पाहिला असेन. क्षणभर वाटलं, ही दुसरीच कुणी आहे.

त्याला आता सहा-सात आठवडे झाले. लिहू की नको, असं चाललं होतं. पण आमच्या भागातल्या पुष्कळ जणांनी तिच्या हातून पुस्तकं नेलेली आहेत, आणि तिला वाचनालयातून काढलं एवढंच बहुतेकांना ठाऊक आहे. का काढलं, आणि काढण्याच्या कागदावर सही कुणाची होती, हे कुणीतरी सांगायला हवं. सही माझी होती.

आमची मैत्री अगदी तरुणपणची. मी सौंसरच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि त्याच वर्षी कुसुम पांढुर्ण्याहून आमच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून आली. दोघी एकाच घरमालकाच्या शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचो. माझं लग्न झालं, मुलं झाली. तिने लग्न केलं नाही. वाचनालय म्हणजे दोन खोल्या. एका भिंतीला मराठी पुस्तकं, दुसरीला हिंदी. आमचा भाग हिंदी राज्यातला, म्हणून घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात दोन्हीची खिचडी, त्यामुळे दोन्ही भिंतींना वाचक होते. दुपारी दोन ते चार ही वेळ तिने बायांसाठी राखून घेतली. गुरुवारी, बाजारासाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया पिशव्या दारात ठेवून आत यायच्या. काही जणी नुसती चित्रं बघायच्या. कुसुम त्यांना पाणी द्यायची आणि आपल्या कामाला लागायची. एका बाईने एकदा तिला विचारलं होतं, "वाचता येत नसन तं बसलं तं चालते का?" कुसुम म्हणाली, "पंखा सगळ्यायसाठी आहे."

पुढे मी वाचनालयाच्या समितीची सचिव झाले. कुसुमनेच मला आग्रह केला होता. "आपलं माणूस असलं म्हणजे बरं," असं म्हणाली होती.

ज्या पुस्तकावरून सगळं झालं, ते एका विवाहितेचं आत्मकथन होतं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण ते आमच्याच भागातलं होतं आणि लिहिणारी बाई अजून आहे. एका सधन, मानाच्या घरात तिचे दिवस कसे गेले, ते तिने साध्या भाषेत लिहिलं होतं. शिव्या नव्हत्या, आरडाओरड नव्हती. दुपारी सगळे जेवून झोपले की ती न्हाणीघरात जाऊन रडायची, एवढं एक प्रकरण मला अजून आठवतं. वर्षभर ते पुस्तक उघड्या कपाटात होतं आणि कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, आणि पाच-सहा वजनदार मंडळी समितीकडे आली. हे पुस्तक समाजाची बदनामी करतं, घरच्या बाया बिघडतात, ते काढून टाका, असं त्यांचं म्हणणं होतं.

समितीची बैठक झाली. कुसुम म्हणाली, "ज्याले नसन वाचाचं त्यानं नये वाचू. दुसऱ्याच्या हातातलं काऊन काढता?" अध्यक्ष चांगले गृहस्थ होते, पण त्यांना भांडण नको होतं. त्यांनी मधला मार्ग काढला: पुस्तक फाडायचं नाही, विकायचं नाही, तूर्त समितीच्या कुलपाच्या कपाटात ठेवायचं, आणि कुणाला हवंच असेल तर त्याने सचिवाकडे आवेदन द्यायचं. मला तो शहाणपणाचा वाटला. हात वर करणाऱ्यांत मी होते. कुसुमने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने निमूट पुस्तक आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर पुस्तकाच्या जागी तिने त्याच जाडीचा लाकडाचा ठोकळा ठेवला होता. ठोकळ्यावर कागद चिकटवून पुस्तकाचं नाव, क्रमांक आणि खाली सुंदर अक्षरात: 'कपाटात आहे. आवेदन केल्यास मिळेल.' मी म्हटलं, "हे काय करून राहिली तू?" ती म्हणाली, "तुमचा प्रस्तावच तं लिहिला. चूक असन तं सांग." चूक नव्हती. ज्यांनी ते पुस्तक कधी हातात धरलं नसतं, ते ठोकळा पाहून विचारायला लागले. आवेदनं माझ्याकडे यायला लागली. रामाकोन्याच्या एका शिक्षकाचं, बोरगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या एकाचं, आमच्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचं. मी प्रत्येकावर 'विचाराधीन' लिहून फाईलला लावत गेले. एकही मंजूर केलं नाही, एकही नामंजूर केलं नाही. त्या शब्दामागे किती आरामात लपता येतं, ते मला तेव्हा कळलं.

आवेदनांची बातमी त्या मंडळींपर्यंत गेली. आता त्यांची मागणी वेगळी होती. पुस्तक कुलपात जाण्याआधी वर्षभरात कुणी कुणी नेलं, त्यांची नावं हवीत. देवघेवीच्या रजिस्टरात तारीख, पुस्तक आणि नेणाऱ्याचं नाव सगळं लिहिलेलं असे. अध्यक्षांनी मला सांगितलं, मी कुसुमला. वाचनालय बंद करून ती खिडक्या लावत होती.

"नाही देत," ती म्हणाली.

"अगं, नावं तर आहेत नुसती. कुणाला फाशी थोडीच देणार आहेत?"

"लीले, तू डॉक्टरकडं जातेस. काय दुखते ते तो चौकात सांगतो का?"

"पुस्तक म्हणजे काय दुखणं आहे?"

 तिने खिडकीची कडी घातली, पदराने हात पुसले. मी चिडून घरी आले. मला वाटलं, हिला आता नुसता हट्ट चढला आहे. आठ दिवस समजावलं. शेवटी समितीने लेखी मागणी केली: रजिस्टर सोमवारी बैठकीत हजर करावं.

सोमवारी ती रजिस्टर घेऊन आली. स्टीलच्या टोपल्यात ठेवून आणलं होतं. रात्रभर पाण्यात ठेवलेलं, पुठ्ठा सुटलेला, पानं एकमेकांत मिसळून राखाडी लगदा झालेला, आणि त्यात निळी शाई उतरलेली. एखाद्याने पान दुमडलं तर दिवसभर जिचं तोंड उतरायचं, त्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेली तीन-चार वर्षं टोपल्यात आणून टेबलावर ठेवली होती. कुणीतरी म्हणालं, पाणी पडलं वाटते. अध्यक्षांनीही ती वाट तिला देऊन पाहिली. "छत गळत असन, ताई." बाहेर कडक ऊन होतं. कुसुम म्हणाली, "छत चांगलं आहे. मी भिजवलं."  मग ती म्हणाली, "मागतलं ते आणून दिलं," आणि किल्ल्यांचा जुडगा टोपल्याशेजारी ठेवून खुर्चीवर बसली. तिच्या हातांना निळा रंग लागला होता. ते हात तिने पदराखाली घेतले.

वाचनालयाच्या मालमत्तेची नासधूस, असं कारण लिहून तिला कमी करण्यात आलं. पत्र मी लिहिलं. माझं मराठी चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे. एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती त्यात.

ती पांढुर्ण्याला भावाकडे निघून गेली. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. संत्र्याच्या हंगामात माल निवडायच्या शेडमध्ये बाया बसतात, तिथे दुपारी जाऊन ती त्यांना पुस्तकं वाचून दाखवते, असं कानावर यायचं. मग माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि चौथ्या दिवशी दारात तिचा आवाज. "पट्टी कधी काढतेत?" एवढंच. आठवडाभर राहिली. सकाळी पेपर वाचून दाखवायची, भाजी करायची, माझ्या यजमानांशी राजकारणावर वाद घालायची. जे झालं त्याचा तिने एका शब्दाने उल्लेख केला नाही. मला वाटायचं, मी काढावा. पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी सोपं गेलं असतं. काढला नाही.

दरम्यान समिती बदलली, मंडळी पांगली, त्यांतली काही वारली. नव्या लोकांनी कपाट आवरताना ते पुस्तक पुन्हा रांगेत लावलं. कुणी विचारलं नाही, कुणाला आठवतही नव्हतं. मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. वाळवी तं नाही ना लागली?"

शेवटची भेट जाण्याच्या महिनाभर आधीची. ती थकली होती, बोलताना धाप लागायची. त्या दिवशी माफी मागायचीच, असं ठरवून गेले होते. ती मला आपल्या पुतण्याच्या मुलीच्या मराठीच्या वह्या दाखवत राहिली. मुलगी हिंदी माध्यमात, तरी घरी मराठी लिहायला शिकली म्हणून तिला कोण कौतुक. बसची वेळ झाली. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "चहात साखर कमी झाली का? तू सगळा नाही पेली." मी म्हटलं, नाही गं, ठीक होती...

तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. चाळिशीच्या पुढची, अंगावर साधी साडी. तिचं गाव मी सांगणार नाही. तक्रार घेऊन आलेल्या त्या पाच-सहा जणांपैकी एकाच्या घरची ती सून. ते सासरे आता नाहीत. तिने ते पुस्तक तीनदा नेलं होतं. बाजाराच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली घालून. "मले वाटे, दुपारी रडनारी मी एकटीच," ती म्हणाली. "नाव निघालं असतं तं मले घराबाहेर पडू नसतं देलं त्यायनं. माहेरीबी नाही." रजिस्टरची मागणी झाल्याचं तिने सासऱ्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, त्यांना जेवायला वाढताना. पुढचा गुरुवार येईपर्यंत तिला अन्न गेलं नाही. वाचनालयात गेली तर दार बंद, आणि कुसुमताई गावातून गेलेल्या.

मग ती थांबली आणि मला म्हणाली, "तुमाले तं माहीतच असन. तुम्ही मैतरीण त्यायची. मी तुमाले लय भ्यायची. रस्त्यात दिसल्या का मी गल्लीत वळे."

मी म्हटलं, "मला नव्हतं माहीत."

तिला ते खरं वाटलं नाही. "कधीच नाही सांगतलं त्यायनं? नंतरबी?"

"नाही."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पदर डोळ्यांना लावून रडायला लागली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. कुणाचं सांत्वन कोण करतंय, ते कळत नव्हतं.

त्या दिवसापासून मी हा हिशेब मनाशी करते आहे. कुसुमने एकदा, फक्त एकदा मला कानात ते नाव सांगितलं असतं, तर मी हात वर केला नसता, पत्र लिहिलं नसतं. खरंच नसतं लिहिलं? आणि मी ते यजमानांना सांगितलं नसतं? त्यांनी चौकात कुणाला? कुसुमला मी ठाऊक होते. हे मला लागतं, आणि ते बरोबरच आहे हे आणखी लागतं. पण त्याहून खोल गेलेली गोष्ट वेगळी आहे. मला पटवायला तिला एका दुःखी सुनेची गरज पडली असती. तिला स्वतःला पडली नव्हती. रजिस्टरात नुसती माझ्यासारख्या सुखी बायांची नावं असती, तरी तिने ते भिजवलंच असतं.

तिच्या पुतण्याने तिची पुस्तकं माझ्याकडे पाठवून दिली आहेत. दोन पेट्या. पुढच्या खोलीत भिंतीशी उघड्याच ठेवल्या आहेत, गल्लीतल्या बाया आणि कॉलेजच्या मुली येऊन पुस्तकं नेतात. कुसुमची एक सवय मला तेव्हा तुसडेपणाची वाटायची. पुस्तक परत आणणाऱ्याला 'कसं वाटलं?' असं ती कधीच विचारायची नाही. मी एकदा तिला टोकलं तर म्हणाली होती, "विचारलं का माणूस उत्तर तयार करते. मग पुढच्या वेळी उत्तर देता येईन असंच पुस्तक नेते."

परवा समोरच्या घरची सून पुस्तक परत घेऊन आली. टेबलावर ठेवलं आणि उभी राहिली. माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता. शिक्षिकेची जीभ आहे, सवय जात नाही. मी पुस्तक उघडून पानं पाहिली, बाजूला ठेवलं, आणि तांदूळ निवडायला घेतले. ती थोडा वेळ घुटमळली. मग पेट्यांजवळ खाली बसली आणि माझ्याकडे पाठ करून, सावकाश, एकेक पुस्तक काढून बघायला लागली.