भोंग्यावरची चिठ्ठी

ते प्रकरण आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. साथीचं वर्ष होतं. मी देवणीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी. निम्मा स्टाफ नाकाबंदीला. सकाळची हजेरी चालू असताना जवळच्या गावातली आशाताई धापा टाकत आली.

"साहेब, पंचायतीच्या भोंग्यावरून सांगायलेत, दवाखान्यात गेलेला माणूस माघारी येत न्हाई, घरीच सलाईन लावा. सात महिन्यांची एक गरोदर बाई हाय, ऑक्सिजन लई कमी झालाय. सासरा तिला न्हेऊ देईना."

डायरीत नोंद केली, रुग्णवाहिका मागवली आणि जीप काढली. सासरा उंबऱ्यात ठाण मांडून बसला होता. मी समजावलं, दरडावलं. तो म्हणाला, "भोंग्यावर सांगितलं ते खोटं, अन् तुम्ही तेवढे खरे व्हय?" आत बाईचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता. वर्दीचा काडीचा उपयोग होईना.

मग भोंगा सांभाळणाऱ्या काकांनाच बोलावलं. लाईट कधी जाणार, राशन कधी येणार, कुणाची शेळी हरवली, गावाला सगळं त्यांच्याच तोंडून कळायचं. आशाताईनं त्यांना बाईची अवस्था दाखवली. ते सासऱ्यासमोर हात जोडून म्हणाले, "म्या वाचलं ते चुकीचं होतं भाऊ. पोरीला जाऊ द्या." तेव्हा कुठे तो उठला. बाई लातूरला रवाना झाली.

"कुणी सांगितलं होतं वाचायला?" मी काकांना विचारलं.

"मेडिकलवाल्या मालकानं चिठ्ठी देल्ली. चिठ्ठी आली की वाचतो साहेब, मनाचं एक अक्षर सांगत न्हाई."

मालकाला समोर बसवलं. गडी पक्का बेरकी. "मी कशाला देऊ? म्हातारा बरळतोय." काका उठून पंचायतीत गेले आणि तारेत ओवलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले. मागे एकदा मनचंच काही सांगितल्याचं त्यांच्यावर बालंट आलं होतं, तेव्हापासून ते एकही कागद फेकत नव्हते. चिठ्ठी मालकाच्याच दुकानाच्या पॅडवर होती. त्याचं तोंड उतरलं. घरोघर सलाईन लावत फिरणारा माणूसही त्याचाच निघाला. लोक गुदमरत होते आणि या नालायकाला धंदा सुचत होता! पंचनामा केला, गुन्हा दाखल केला.

गठ्ठा जप्त करताना मी एक कागद शोधत होतो. कोणती लक्षणं दिसली की लगेच दवाखान्यात न्यायचं, हे सांगणारं आरोग्य खात्याचं पत्रक. काका म्हणाले, "तसलं कायबी माझ्याकडं आलंच न्हाई. आलं असतं तर वाचलं असतं की."

ठाण्यात येऊन फाईल काढली. ते पत्रक मीच पोलीस पाटलाकडे धाडलं होतं. 'दवंडी दिली' असा अहवालही आला होता. असे अहवाल घरबसल्या लिहितात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण कामाच्या रेट्यात मी तो डोळे झाकून पुढे ढकलला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत गावात दोघांना विचारल्याशिवाय असा कागद मी स्वीकारला नाही.

बाई वाचली. पोटातलं बाळ गेलं. जबाब देताना सासरा म्हणाला, "खोटं सांगणाऱ्यानं दिवसातून दोनदा सांगितलं साहेब. खरं सांगायला एकबी आला न्हाई."

मालकाला मी बेड्या घातल्या. दवंडीच्या त्या अहवालावर, पाटलाच्या सहीखाली माझी सही होती. तिच्याबद्दल मला कुणीच काही विचारलं नाही.