आईने तलासरीला खोली घेतली

मी बंगळूरला निघाले त्या सकाळी डहाणू रोडच्या फलाटावर आईने माझी बॅग खाली ठेवूच दिली नाही. फलाट पावसाने ओला होता, गाडीला वेळ होता, आणि ती बॅग छातीशी धरून उभी होती. मी दोनदा मागितली. तिने नुसती मान हलवली. गाडी येताना दिसली तेव्हा ती म्हणाली, "तिकडे नीट शीक. आणि शिकलीस की मला सांग, माझ्या पोराला काय झालं होतं."

जेवत जा, फोन करत जा, असलं काही ती बोललीच नाही. ते साल २०१५. आज इतक्या वर्षांनी हे लिहितेय ते पाड्यावर मागे राहिलेल्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांसाठीही. मी का गेले याबद्दल गावात बरंच बोललं गेलं. कोणी म्हणालं पळाली, कोणी म्हणालं मोठी नर्स व्हायचं होतं. थोडं थोडं दोन्ही खरं होतं. पण मुख्य म्हणजे मला आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

आमचं घर कैनाडच्या एका पाड्यावर. बाबांची थोडी भातशेती, आणि हंगामात बोर्डीकडच्या वाड्यांमध्ये चिकू उतरवायचं काम. मला नर्सिंगला त्यांनीच घातलं. सरकारी दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा पाड्यावर कोणालाही ताप आला की ते सांगायचे, "आमच्या मीनाकडे या, तिची सुई दुखत नाही." दुखायची. तरी लोक यायचे.

नरेशदादा माझ्याहून मोठा. टेम्पो चालवायचा. वाण्याशी गुजरातीत, हायवेवर हिंदीत आणि माझ्याशी फक्त चेष्टेत बोलायचा. मग तो गप्प व्हायला लागला. टेम्पो सोडला. कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय म्हणून भिंतीला कान लावून बसायचा. बाबा आपल्या जेवणात काहीतरी कालवतात, असं त्याच्या डोक्यात बसलं. आधी भगताकडे झाडफूक झाली, मग मी त्याला डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी उतार पडला, आणि उतार पडला म्हणूनच गोळ्या थांबल्या. मला आता काय धाड भरलीय, असं तो हसून म्हणाला, आणि घरात सगळ्यांनाच ते ऐकायला बरं वाटलं.

२०१४च्या भातकापणीत, भर दुपारी, बाबा त्याला खळ्यावर जेवायला बोलवायला गेले. दादाच्या हातात कोयता होता. याहून जास्त मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, इथेही लिहीत नाही.

बाबा गेले आणि दादाला पोलीस घेऊन गेले, एकाच दुपारी. लोक आम्हाला वाईट बोलले नाहीत. फक्त आमच्याकडे यायचे थांबले. आई विहिरीवर गेली की बायका बाजूला होऊन तिला आधी पाणी भरू द्यायच्या. तो मान तिला सोसवेना.

बंगळूरला मी मनोविकार नर्सिंगच्या एम.एस्सी.ला होते. हॉस्टेल, मेस, असाइनमेंट, प्रेझेंटेशन. इडलीची सवय चटकन झाली, इंग्रजीतून विचार करायची व्हायला वेळ लागला. वॉर्डात कन्नड लागायचं. पहिलं वाक्य शिकले ते "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. दिवसभर तेवढ्यावर काम चालायचं.

फॉरेन्सिक वॉर्डात पोस्टिंग लागलं तोवर कन्नड बऱ्यापैकी समजायला लागलं होतं, तरी पहिल्या दिवशी माझे पाय दारातच अडले. तुरुंगातून, कोर्टातून आलेले पेशंट तिथे ठेवत. आमच्या मॅडम म्हणाल्या, "फाईल नंतर वाच. आधी जाऊन बोल." मी गेले. समोर बसलेले ते शिवण्णा. साठीचे, शेतकरी. त्यांनीच मला विचारलं, "ऊट आयता?" नंतर फाईलमध्ये वाचलं, आजारात त्यांच्या हातून बायको गेली होती. त्यांना ते ठाऊक नव्हतं. ती माहेरी गेलीय, आज येईल, असं ते रोज सकाळी मला सांगायचे.

औषधं लागू पडत गेली. झोप सुधारली, आवाज यायचे थांबले. आम्ही विद्यार्थिनी खूश होतो. एका सकाळी शिवण्णांनी मला काही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी शेजारी बसले. त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "सिस्टर, ती येणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही येणार." पुस्तकात याला रुग्णाला आजाराची जाणीव होणं म्हणतात आणि ती सुधारणेची खूण मानतात. मी तशी नोंद केली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मला दादा दिसत होता. तिकडे मनोरुग्णालयात तोही बरा होत होता.

त्या रविवारी मी आईला फोन केला. "आई, त्याला आजार होता. आपल्याला ऐकू येत नाहीत ते आवाज त्याला ऐकू यायचे. बाबा तुला मारणार, असं ते आवाज त्याला सांगायचे. तो जीव वाचवत होता."

ती म्हणाली, "म्हणजे त्याने केलं नाही?"

"केलं त्यानेच, आई. पण त्याला कळत नव्हतं."

"दोन्ही खरं?"

"हो."

"मग मी काय करू?" तिने विचारलं. ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

आईने आपल्यापुरतं ठरवलं. दादाला तुरुंगातून मनोरुग्णालयात हलवलं होतं, तिथे ती दर महिन्याला जायला लागली. पहिल्या खेपेला ती त्याच्यासमोर बसली आणि काहीच बोलली नाही. दुसऱ्या खेपेला त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून आली. असं करत करत ती बोलायला लागली.

कोर्स संपल्यावर मी सुट्टीत त्याला भेटले. तो जाड झाला होता, केस बारीक कापलेले, हे सगळं गोळ्यांचं, हे मला कळत होतं. कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा तो मला माझा दादा वाटला. "मीने, तू शिकलीस ना या सगळ्याचं?" त्याने विचारलं.

"शिकले."

"मला आता सगळं आठवतं. खळं, बाबांनी मारलेली हाक, सगळं." तो इतक्या हळू बोलत होता की मला पुढे वाकावं लागलं. "गोळी बंद केली, तर परत विसरायला होईल का?"

असं विचारणाऱ्या पेशंटला काय सांगायचं ते मला येत होतं. मी ते सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबले. त्याचे हात हातात घेतले. शेवटी एवढंच म्हटलं, "दादा, गोळी बंद करू नको. आईला आता तूच आहेस." त्याने मान डोलावली. ते उत्तर पुरेसं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मला बंगळूरलाच नोकरी मिळाली, त्याच तऱ्हेच्या वॉर्डात. गावाकडे असलं काम नव्हतं. लोकांच्या भावांना, मुलांना रोज गोळ्या द्यायच्या, तोंड उघडायला सांगून त्या गिळल्या का ते पाहायचं, आणि आपला भाऊ दुसऱ्या कोणाच्या तरी हाती. हे मनाला कसं पटवायचं ते मला अजून जमलेलं नाही.

केस चालली तेव्हा कोर्टाने मान्य केलं की आपण काय करतो हे दादाला कळत नव्हतं. शिक्षा झाली नाही, पण लगेच सोडलंही नाही. पुढे डॉक्टरांनी तो बाहेर राहू शकतो असं लिहून दिलं, आणि प्रश्न आला की त्याची जबाबदारी घेणार कोण. मी रजा घेऊन आले. म्हटलं, मी त्याला बंगळूरला नेते.

"तिथे त्याच्याशी बोलणार कोण?" आई म्हणाली. "तू ड्यूटीवर, आणि तो खोलीत बसून काय ऐकेल कोण जाणे."

"मग कैनाडला आणायचं?"

ती अंगणात उभी होती. खळ्याकडे तिने पाहिलं नाही, पण मला कळलं. "तो माझा पोरगा आहे," ती म्हणाली. "पण इथे, या जागी, मी त्याला बघू शकत नाही. आणि तोही या जागेला बघू शकणार नाही."

तिने तलासरीला खोली शोधायला सुरुवात केली. मी सोबत होते. खोटं बोलायला ती तयार नव्हती. प्रत्येक दारात तिने सगळं सांगितलं आणि प्रत्येक दार सभ्यपणे बंद झालं. मी चिडून म्हटलं, "आजारी आहे एवढंच सांग ना." ती म्हणाली, "उद्या कळलं तर त्याला परत बाहेर काढतील. एकदाच काय ते ऐकू दे."

शेवटी एका चाळीच्या मालकीणबाई भेटल्या, कमळाबेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "छोकरो आता शांत छे ने?"

"गोळी घेतो तोवर शांत. नाही घेतली तर सांगता येत नाही."

"गोळी कोण देणार?"

"मी."

कमळाबेन थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिल्या. "माझा धाकटा भाऊ असाच निघून गेला घरातून," त्या म्हणाल्या. "कोणी गोळी नाही दिली त्याला." आणि त्यांनी खोली दाखवली.

शेत चुलतभावाला कसायला देऊन २०१९च्या उन्हाळ्यात आई तिथे राहायला गेली. ज्या बाईने कधी डहाणूच्या बाजारातही मुक्काम केला नव्हता, ती उतारवयात दादाला घेऊन परक्या गावात बिऱ्हाड करून राहिली. स्थलांतर म्हटलं की सगळे मला विचारतात. मी फक्त शिकायला गेले होते. खरं गाव सोडलं ते तिने.

त्या वर्षी पितृपक्षात मी आले. बाबांचं पान मांडायला आई आणि मी दोघीच कैनाडला गेलो. दादाने यायचं का म्हणून विचारलं नाही, आम्हीही विषय काढला नाही. घर बंद राहून कोंदट झालं होतं. आईने अंगण झाडलं, पान वाढलं, कावळ्याची वाट पाहिली. तो बराच वेळ आला नाही. आई पानाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "त्याला सांभाळते आहे हो मी. राग धरू नका." कावळा आला. कोणाचा राग गेला आणि कोणाचा नाही, हे मला कळलं नाही.

आवराआवर झाली. मला तिथे अजून बसायचं होतं. ओटीवर, बाबांच्या जागी. रात्री राहू या, असं मी म्हणणार होते. आईने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "चल मीना, घरी जाऊ. तो एकटा आहे."