ताई, बस आली!

कुरुंद्याच्या फाट्यावर एसटी ड्रायव्हर आणतो हे खरं असलं, तरी ती थांबते आणि सुटते माझ्या एका वर्गमित्राच्या हुकमानं. अठराव्या वर्षी तो एका सिनेमात नायिकेचा धाकटा भाऊ झाला होता. याच फाट्यावर शूटिंग झालं. त्याला वाक्य एकच होतं, "ताई, बस आली!" आज आम्ही दोघंही पन्नाशीच्या पुढं आहोत, पण ते वाक्य अजून अठराचंच आहे. गाडी दिसली की तो चहाचा कप ठेवून उभा राहतो, घसा साफ करतो आणि म्हणतो. मग म्हाताऱ्या बायका पिशव्या उचलतात. ते ऐकल्याशिवाय जुने कंडक्टर घंटी मारत नाहीत.

सिनेमात त्याची डावी बाजू दिसली होती. तेव्हापासून उजवा गाल त्यानं जगाला फारसा दाखवलेला नाही. लग्नाच्या फोटोत नवरी समोर बघते आणि हा वसमतकडं. आधार कार्ड काढताना ऑपरेटर वैतागून म्हणाला, "काका, सरळ बघा ना!" तर हा म्हणतो, "बाबा, कॅमेऱ्याचं आन् माझं आधीच ठरलेलं हाय." दुपारी कधी टीव्हीवर तो सिनेमा लागला तर तो स्वतः बघत नाही. ओट्यावर येऊन बसतो, आणि आपला प्रसंग झाल्यावर गल्लीतून कोण कोण बाहेर येतं ते पाहतो. कुणी आलं नाही, तर लाईट गेली असेल असं धरून चालतो.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. त्या वाक्यासाठी रांगेत मीही उभा होतो. मला घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्या सिनेमासाठी पुण्याहून पत्र आलं, आठ दिवसांत या. पत्र घेऊन तो आधी माझ्याकडं आला. आमची हळद शिजवणं चालू होतं, तोही रोज मदतीला असायचा, त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे. मी म्हणालो, "असा गेलास तर मांडवातून पळालेला नवरदेव दिसशील. रंग उतरू दे, मंग जा." त्याला ते पटलं. रोज साबणानं हात घासायचा आणि पुन्हा आमच्याच कढईपाशी यायचा. तीन आठवड्यांनी पुण्याला पोचला, तेव्हा त्याच्या जागी दुसरं पोरगं उभं होतं. कढईला त्याच्यासारखा जाळ कुणी घालत नसे, हे माझं एक कारण. दुसरं त्या रांगेतलं.

परवा ठरवूनच फाट्यावर गेलो, त्याला सगळं सांगायला. तर वसमतच्या कॉलेजातली एक मुलगी मोबाईलवर त्याची मुलाखत घेत होती. "काका, पुढं पिच्चर काहून नाही केले?"

मी तोंड उघडलं. त्याआधी तोच, डावा गाल पुढं करून, म्हणाला, "बोलावणं आलतं. पण ह्याच्या घरची हळद कढईत व्हती. दोस्ताला तसं टाकून जायचं व्हय? मीच म्हणलो, न्हाई येत. इचार ह्याला."

मुलीनं मोबाईल माझ्याकडं वळवला. तो माझ्याकडं बघत होता, चक्क समोरून, दोन्ही गाल दिसत होते.

"व्हय," मी म्हणालो. "बराबर."

तेवढ्यात एसटी आली. तो उठला नाही. मला कोपरानं ढोसून म्हणाला, "आज तू म्हण."

मी उभा राहिलो. घसा साफ केला. माणसं चढली, कंडक्टर दोरीला हात लावून आमच्याकडं बघत राहिला. माझ्या तोंडून आवाज फुटेना.

"काय लेका," तो हसला, "येवढंच तर व्हतं." आणि मग बसल्या जागेवरून, नेहमीपेक्षा हळू, त्यानंच ते म्हणून टाकलं. घंटी वाजली, बस हलली.