एकशेचाळीस पाय

धाकटा गेला तेव्हा त्याच्यामागे एक मुलगा, एक भाड्याची खोली आणि एकशेचाळीस पाय उरले. पाय लाकडाचे. जोडे शिवणारे त्यांना फर्मे म्हणतात. गिऱ्हाइकाच्या पावलाबरहुकूम फर्मा घडवायचा आणि त्यावर चामडं ताणून जोडा बांधायचा.

माझा हा भाऊ सातवीला दोनदा आपटला, तिसऱ्यांदा परीक्षेला गेलाच नाही. मी कॉलेजात इतिहास वाचत होते तेव्हा तो एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली ओलं चामडं ताणत होता. मी पदवी घेतली, भिंतीवर लावली, संपलं. त्याने पंचेचाळीस वर्षं वाकड्या पायांची माणसं सरळ चालवली. आमच्या घरात हुशार कोण, हे मला केव्हाच कळलं होतं. बाकीच्यांना सांगून सांगून तोंड दुखलं.

माप घेण्याआधी तो गिऱ्हाइकाला गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लावायचा आणि स्वतः दारात बसून पाठमोरं बघायचा. म्हणायचा, "समोरून माणूस सोंग करतो, ताई. पाठीमागून खरं चालतो." पाऊल सुजलं, हाड वाढलं, की फर्म्यावर नेमक्या त्या जागी चामड्याचा तुकडा चिकटवायचा. नाव कुणाचंच लिहायचा नाही. तळाशी पेन्सिलीने 'बेकरी', 'टपालवाली', 'हेडमास्तर, रागीट' एवढंच.

घरमालकाने खोली महिनाअखेर मागितली. माझा भाचा विम्याच्या कचेरीत आहे. कामाला वाघ, पण बापाच्या धंद्याचा विषय निघाला की मान खाली घालून स्वतःचे बूट न्याहाळतो, तेही कारखान्यातले. त्याने दोन गोष्टी परस्पर ठरवल्या. गल्लीच्या टोकाला बापाच्या नावाने बाक आणि त्यावर पितळी पाटी : 'पादत्राण क्षेत्रातील ख्यातनाम उद्योजक'. आणि फर्मे द्यायचे एका हॉटेलवाल्याला.

"भिंतीवर लावणार आहे, आत्या. छान दिसतात म्हणे."

"लोकांचे पाय भिंतीवर टांगणार?"

"लाकूड आहे गं ते."

"तुझी पदवीही कागदच आहे. देऊ त्याला पुड्या बांधायला?"

"मग करू काय? नावं नाहीत, पत्ते नाहीत."

"बोलाव लोकांना. आपापला पाय ओळखतील."

मी दारावर कागद डकवला : ज्यांचे पाय आत आहेत त्यांनी शनिवारपर्यंत घेऊन जावेत. भाच्याने कपाळाला हात लावला. "शनिवारी दुपारी हॉटेलवाला येणार. उरतील ते त्याचे." मी म्हटलं, कबूल.

लोक आले. हेडमास्तर आपलं वर्णन वाचून भडकले, म्हणजे ओळख पटली. बेकरीवाला स्वतःचे घेऊन गेला, वर शेजारणीचेही. शनिवारी दुपारी फळीवर दहा-बारा जोड्या उरल्या, आणि त्यांत टपालवाली होती. तिचा डावा पाय आखूड, पाऊल आत वळलेलं. तो फर्मा दुसऱ्याने नव्याने घडवायचा म्हणजे वर्षभर चुकतमाकत शिकणं, आणि तोवर ही बाई लंगडत जिने चढणार.

हॉटेलवाला आधी आला. नेमका तोच उचलला. "हा मधोमध लावतो. वाकडा आहे, मजा आहे याच्यात."

तेवढ्यात खांद्यावर पिशवी, धापा टाकत ती दारात. "माझा आहे का हो अजून?"

त्याच्या हातातून तिने तो काढूनच घेतला. चिकटवलेल्या तुकड्यांवरून अंगठा फिरवत म्हणाली, "हा अपघातानंतरचा. हा मुलीच्या वेळचा, पाय सुजले होते तेव्हा. या जोड्यांच्या आधी मला सगळे लंगडी म्हणायचे. नंतर टपालवाली म्हणायला लागले."

हॉटेलवाला म्हणाला, "बरं, मग उजवा तरी राहू द्या. तो काय, सरळच आहे."

मी तोंड उघडणार होते, पण भाचा आधी बोलला. "साहेब, बाईंना दोन पाय आहेत."

त्याने दोन्ही फर्मे कागदात बांधले. पलीकडच्या पेठेतल्या कारागिराकडे स्वतः घेऊन जाईन, असं तिला सांगितलं. हॉटेलवाल्याला हात जोडले : बाकीच्यांचेही मालक आहेत, येतील. (ते सध्या माझ्या कपाटात आहेत. इतिहासाचे दोन खण रिकामे केले. वाचून झाले होते.)

ती निघाली. भाचा बापाच्या जागी, दारात टेकला आणि ती गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत पाठमोरी बघत राहिला. बाई सरळ चालत होती.

"आत्या, ती पाटी मी कोरायला दिलीय."

"कोरणारा उद्या घेणार आहे ना कामाला? चल मग."

त्याच पावली आम्ही कोरणाऱ्याकडे गेलो. भाच्याने कागदावरचं 'ख्यातनाम' खोडलं, 'उद्योजक' खोडलं, 'क्षेत्र'ही गेलं. बापाच्या नावाखाली लिहिलं : जोडे शिवायचा.

कोरणारा म्हणाला, "एवढंच? जागा पुष्कळ उरतेय."

"उरू दे," भाचा म्हणाला. "पण खोल कोरा."