डोळा लावून पाहायचा कॅमेरा

नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या माझ्या गावी मारुतीच्या देवळाबाहेर एक वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या कोणा वीराचा तो दगड. लहानपणापासून मी त्याला शेंदराचा गोळा म्हणूनच ओळखत आलो. गेल्या हिवाळ्यात देवळाचे काम निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या साचलेला शेंदूर खरवडला गेला. आतून गाई निघाल्या, ढाल निघाली, तळाशी अक्षरांची एक ओळ निघाली. शनिवारी नवा शेंदूर चढणार होता. त्याआधी ती ओळ टिपायची, असे मी ठरवले.

माझ्या हाताला कंप आहे. मोबाईल लांब धरावा लागतो आणि अक्षरे फिसकटतात. पुतण्याला सांगून पाहिले. त्याच्या फोटोत तो स्वतः होता; दगड पाठीमागे. मुलगा फोनवर म्हणाला,

"बाबा, रविवारी येतो. मी काढून देतो."

"रविवारी तिथे शेंदूर असेल."

"एवढा हट्ट कशाला?"

मी फोन ठेवला आणि कॅमेरा घ्यायला एसटीने नगर गाठले.

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहून घेतले. "आजोबा, असले छोटे कॅमेरे आता कोण मागतं? हा मोबाईल बघा, चंद्रसुद्धा काढतो."

"चंद्राचे मला काम नाही."

तो हसला. कपाटातून त्याने एकेक कॅमेरा काढला. पहिले दोन चकचकीत होते, पण त्यांना मागे नुसता पडदा. म्हणजे पुन्हा हात लांब. ते बाजूला ठेवले. तिसरा जाडसर, वापरलेला, कडेला ओरखडे असलेला. त्याला डोळा लावायची लहानशी काच होती. तो मी भुवईवर टेकवला, कोपरे बरगड्यांशी आवळली आणि दुकानाच्या कुलपावरची झिजलेली अक्षरे टिपली. फ्लॅशमध्ये सगळे पांढरे झाले. फ्लॅश बंद केला, तेव्हा अक्षरे उमटली.

"नवा घ्या, आजोबा. याला वॉरंटी नाही."

"शनिवारपर्यंत चालला तरी पुरे."

शुक्रवारी सकाळी, ऊन तिरपे असताना, मी दगडापुढे गुडघे टेकले. देवळाचा गुरव जवळ येऊन उभा राहिला.

"तात्या, आना इकडं, मी काढतो."

"नको."

कोपरे ओट्यावर रोवली. कॅमेरा कपाळाशी दाबून धरला.

"तात्या, श्वास तरी घ्या!"

काम झाल्यावर घेतला. पडद्यावर चित्र मोठे करून पाहिले. ओळीचा शेवट झिजलेला होता. वीराचे नाव मात्र शाबूत होते. मी ते गुरवाला वाचून दाखवले.

गुरव दगडाजवळ वाकला. "इतकी वर्सं शेंदूर लावतोय. नाव हाय हेच ठावं नव्हतं. उद्या लावताना नाव घेतो."

शनिवारी त्याने ते मोठ्याने घेतले. मग वाटीत बोटे बुडवली आणि तळाच्या ओळीपासून सुरुवात केली.