हनुवटीपर्यंत आलेला फोटो

मी आयुष्यात एकाच माणसाचा दात पाडला, आणि तोही एका वेबसाइटपायी.

धाकट्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला होता. प्रवेश घेणार की नाही, हे त्याच दिवशी पाचच्या आत कॉलेजच्या वेबसाइटवर कळवायचं होतं. कॉलेजवाले फोनवर ऐकूनच घेत नव्हते. तिला घेऊन वडीगोद्रीहून जीपनं नवीन जालन्यात आलो आणि स्टेशनजवळच्या कॅफेत साडेतीनला बसलो. तिथलं नेट फोनच्या तारेवर चालायचं. रिसीव्हर हलला की नेट तुटायचं, म्हणून मालकानं त्याच्यावर वीट ठेवली होती.

पान उघडलं. आधी समईचं चित्र गोल फिरलं, मग ‘सुस्वागतम्’चं एकेक अक्षर नाचत आलं. मग संस्थेच्या अध्यक्षांचा पानभर फोटो पट्टीपट्टीनं खाली उतरू लागला. संमतीचं बटण फोटोच्या खाली. कपाळ यायलाच दहा मिनिटं गेली. भुवया दिसल्या आणि लाइन तुटली. पुन्हा समई. हे पान बनवणाऱ्याला समोर आणून त्याच कीबोर्डनं बडवावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"साहेब दाढी करून राह्यले वाटतं," मागं नंबर लावून थांबलेला एकजण म्हणाला. लोक हसले. बहीण तेवढी घड्याळाकडं बघत राहिली.

पावणेपाचला मिशी आली. मालक म्हणाला, "भाऊ, आज लाइन बिलकुल चालंना. उद्या या."

मी उठलो आणि त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. राग अध्यक्षांच्या थोबाडावर होता, हाताशी याचं सापडलं. तो कोलमडून फोनवर पडला. वीट जमिनीवर, रिसीव्हर लोंबकळत, आणि पडद्यावरचं पान गेलेलं.

"दादा, हनुवटी आल्ती," बहीण म्हणाली.

मालकानं दात हातावर थुंकला, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि रक्त गळत असताना स्वतःच पुन्हा नेट जोडलं. मला एक शिवीसुद्धा दिली नाही. समई फिरली. पाच वाजले तेव्हा अध्यक्षांचं कपाळ दिसत होतं.

मला मालकाकडं बघवेना. बहीण मात्र त्याच्यापुढं बसली, ओढणीचा बोळा त्याच्या तोंडात धरला आणि म्हणाली, "मान खाली ठेवा, काका. रगत गिळू नका." ते थांबेपर्यंत ती हलली नाही.

तिनं आयुष्यात केलेली नर्सिंग तेवढीच.